कल्पित घड्याळ आणि कल्पित यंत्र

जी गोष्ट प्रत्यक्ष करून पाहतां येत नाहीं, तिच्याविषयीं मनुष्यानें निर्णय कसा घ्यावा, हा प्रश्न जुनाच आहे. शहरांत टेलिफोनच्या किती तारा घालाव्या, रुग्णालयांत किती खाटा ठेवाव्या, पोस्टांत किती खिडक्या उघडाव्या, हें आधींच ठरवावें लागतें. आणि ठरविलेलें चुकलें, तर त्याचा त्रास लोकांस वर्षानुवर्षें सोसावा लागतो. यावर एक उपाय गणिताचा. डेन्मार्कमधील आग्नेर क्रारुप एर्लांग हा गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीच्या नोकरींत होता. बोलणारे केव्हां येतील आणि किती वेळ बोलतील हें कोणासच आधीं ठाऊक नसतें. तरी अशा अनिश्चिततेलाही नियम असतात, हें त्यानें इ. स. १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें. पुढें १९१७ सालीं तारांची संख्या ठरविण्यास उपयोगी पडणारीं सूत्रेंही त्यानें दिलीं.

परंतु सूत्रांचें राज्य लहान आहे. रांगेंतला मनुष्य कंटाळून निघून जातो, दुसरा शेजारच्या खिडकीकडे वळतो, तिसऱ्या खिडकीचा कारकून जेवावयास उठतो. अशा चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कागदावरचें सूत्र हात टेकतें. मग उरतो दुसरा उपाय. तो म्हणजे त्या साऱ्या व्यवहाराचें संगणकांत अनुकरण करावयाचें. यालाच इंग्रजींत 'सिम्युलेशन' म्हणतात. हें अनुकरण चालतें कसें, त्याला वेगाची एवढी गरज कां पडते, आणि तो वेग मिळविण्यासाठीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं एका कल्पित यंत्राचा उपयोग कसा करून घेतला, हें आज सांगण्याचा विचार आहे.

एक लहानसें उदाहरण घेऊं. पोस्टाची एकच खिडकी सकाळीं १० वाजतां उघडते. प्रत्येकाच्या कामास ४ मिनिटें लागतात. पहिला मनुष्य १० वाजतां येतो, दुसरा १० वाजून २ मिनिटांनीं, तिसरा ३ मिनिटांनीं आणि चौथा २० मिनिटांनीं. पहिल्याचें काम १० वाजून ४ मिनिटांनीं संपतें, दुसऱ्याचें ८ मिनिटांनीं, तिसऱ्याचें १२ मिनिटांनीं. मग खिडकी रिकामी राहते. २० मिनिटांनीं चौथा येतो आणि २४ मिनिटांनीं जातो. पहिला व चौथा मुळींच थांबले नाहींत; दुसरा २ मिनिटें थांबला, तिसरा ५. एकूण ७ मिनिटें, म्हणजे सरासरी पावणेदोन मिनिटें.

हाच हिशेब संगणकाकडून करवून घ्यावयाचा, तर दोन रीती संभवतात. पहिली रीत अशी कीं, संगणकानें सेकंदामागून सेकंद पुढें सरकावें आणि प्रत्येक सेकंदाला "आतां कांहीं घडलें काय?" असें विचारावें. २४ मिनिटांचे सेकंद होतात १४४०. त्यांपैकीं बहुतेक वेळां उत्तर "नाहीं" असेंच येणार. दुसरी रीत शहाणपणाची. या सबंध अवधींत खरोखर घडलें काय, तर चार येणीं आणि चार जाणीं, अशा अवघ्या ८ घटना. मधला काळ रिकामा आहे. त्यांत कोणतीच स्थिति बदलत नाहीं. तेव्हां संगणकाच्या कल्पित घड्याळानें एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारावी. शाळेंत घंटा देणारा शिपाई तास संपेपर्यंत सेकंद मोजीत बसत नाहीं. पुढची घंटा किती वाजतां, एवढें तो वेळापत्रकांत पाहतो. अनुकरणाची ही दुसरी रीत त्याच मार्गानें चालते, आणि घटना सुट्या सुट्या मानून तिची मांडणी होत असल्यामुळें तिला 'डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन' असें नांव आहे.

शाळेच्या वेळापत्रकाहून येथें एक फरक मात्र आहे. शाळेचें वेळापत्रक आधींच पुरें लिहिलेलें असतें. येथें तें चालतां चालतां लिहिलें जातें. पहिल्या मनुष्याचें काम सुरू झालें, कीं "१० वाजून ४ मिनिटांनीं हा जाईल" अशी नवी नोंद यादींत घालावी लागते. म्हणून यादींतून सर्वांत आधींची घटना काढावयाची, घड्याळ त्या वेळेवर आणावयाचें, घटनेचा परिणाम घडवावयाचा, त्यांतून उद्भवणाऱ्या नव्या घटना यादींत आपापल्या जागीं घालावयाच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून हेंच करावयाचें. सारें अनुकरण एवढ्या एका चक्रावर चालतें. यादी लांबली तर तींत शोध घेण्यासच वेळ जाईल, अशी शंका येईल. परंतु जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनीं १९६४ सालीं 'हीप' नांवाची एक मांडणी सुचविली. तिच्या योगें यादींत १० लक्ष घटना असल्या तरी सुमारें २० पायऱ्यांत नवी घटना आपल्या जागीं बसते.

आतां वेगाच्या गरजेकडे वळूं. आपल्या उदाहरणांत माणसें केव्हां आलीं हें आपण ठरवून टाकलें होतें. प्रत्यक्षांत तें दैवाधीन असतें. म्हणून संगणक फांसे टाकल्याप्रमाणें आंकडे काढून येण्याच्या वेळा ठरवितो. एकदां फांसे टाकून जी सरासरी निघेल तिच्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. वेगवेगळे फांसे टाकून तेंच अनुकरण पुनः पुन्हा करावें लागतें. येथें गणिताचा एक कडक नियम आड येतो. उत्तरांतील अनिश्चितता निम्म्यावर आणावयाची, तर अनुकरण चौपट वेळां करावें लागतें. आणि ती एकदशांशावर आणावयाची, तर शंभर पट वेळां. ज्याचें एक अनुकरण पुरें होण्यास सबंध दिवस लागतो, त्यास शंभर वेळां तें करणें सुचलें तरी झेपत नाहीं. तो दोनचार वेळां करतो आणि आलेलें उत्तर प्रसिद्ध करतो. याचा अर्थ असा कीं, या शास्त्रांत वेग ही चैन नव्हे. जेथें वेग नाहीं तेथें प्रामाणिकपणाही राखणें कठीण होतें.

दुसरी अडचण आकाराची. समजा, तारेवांचून एकमेकांशीं बोलणाऱ्या लहान लहान रेडिओयंत्रांचें एक जाळें आहे. मध्यें कोणतेंही केंद्र नाहीं, आणि एकाचा निरोप दुसरा पुढें पोंचवितो. अशीं जाळीं संकटकाळीं फार उपयोगाचीं, कारण मनोरे कोसळले तरी तीं चालूं शकतात. पण ५० यंत्रांचें अनुकरण करून काढलेला निष्कर्ष ५० हजार यंत्रांना लागू पडेल, असें कोणीं सांगावें? यंत्रें वाढलीं कीं निरोपांची गर्दी वाढते, एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजांत मिसळतो, आणि लहान जाळ्यांत जें सुरळीत चालतें तें मोठ्या जाळ्यांत कोलमडूं शकतें. मंद साधन हातीं असलेला संशोधक नाइलाजानें लहान जाळेंच तपासतो. धोका मात्र मोठ्या जाळ्यांत असतो.

तर मग अनुकरणाची आज्ञावली जलद चालावी आणि तिच्या लेखकावर फार बोजाही पडूं नये, यासाठीं काय केलें गेलें? तीन वाटा मुख्य आहेत. पहिली वाट नवी भाषाच तयार करण्याची. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील संगणक केंद्रांत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत 'सिम्युला' ही भाषा अनुकरणासाठींच रचली. ती अत्यंत मौलिक ठरली. पण नव्या भाषेचा संसार मोठा असतो. तिचा अनुवादक लिहावा लागतो, तो वर्षानुवर्षें सुधारावा लागतो, आणि संशोधकांना ती भाषा मुळापासून शिकावी लागते. दुसरी वाट म्हणजे नेहमींचीच भाषा वापरून तयार उपकरणांचा एक संग्रह जोडीला देण्याची. यांत नवें कांहीं शिकावें लागत नाहीं, परंतु प्रत्येक घटनेची नोंद लेखकानें आपल्या हातांनीं करावयाची असते. त्यामुळें सरळ सांगतां येणारी हकीकत तुकड्यातुकड्यांनीं लिहावी लागते, आणि कोठें तरी एक नोंद चुकली तर ती लवकर सांपडत नाहीं. तिसरी वाट संगणकाच्या कारभारी व्यवस्थेंतच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्येंच, कल्पित काळ आणण्याची. डेव्हिड जेफर्सन यांनीं १९८५ सालीं मांडलेल्या 'टाइम वॉर्प' या कल्पनेवर अशी व्यवस्था कॅलिफोर्नियांतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरींत तयार झाली होती. येथें लेखकाची सोय उत्तम होते; पण एका स्वतंत्र कामाकडून दुसऱ्याकडे जातांना दर वेळीं कारभाऱ्याचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि त्यांत वेळ खर्च होतो.

चौथी वाट न्यूयॉर्क राज्यांतील इथाका गांवच्या कॉर्नेल विद्यापीठांत निघाली. रिमोन बार, झिग्मंट हास आणि रॉबर्ट व्हान रेनेसे या तिघांनीं तिचें वर्णन २००४ व २००५ या सालांतील आपल्या लेखनांत केलें आहे. त्यांच्या साधनाचें नांव 'जिस्ट'. 'अनुकरणाच्या काळांत चालणारी जावा' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचें तें संक्षिप्त रूप आहे. ही वाट समजण्यासाठीं आधीं जावा भाषेचें कल्पित यंत्र समजून घेतलें पाहिजे.

प्रत्येक जातीच्या संगणकाची आपली एक बोली असते. एका बोलींत उतरविलेली आज्ञावली दुसऱ्या जातीच्या संगणकास कळत नाहीं. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९५ सालीं जावा भाषा प्रसिद्ध केली, तेव्हां यावर पुढील तोड स्वीकारली. लोखंडांत कोठेंही नसलेलें असें एक यंत्र मनानें कल्पावयाचें आणि त्याची एक बोली ठरवावयाची. सर्व आज्ञावल्या त्या एकाच बोलींत उतरावयाच्या. आणि प्रत्येक खऱ्या संगणकावर त्या कल्पित यंत्राचें सोंग घेणारा एक दुभाषी बसवावयाचा. या दुभाष्यास 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. आरंभीं तो शब्द न् शब्द भाषांतर करी, म्हणून फार मंद असे. पुढें तो हुषार झाला. जो मजकूर वारंवार लागतो त्याचें खऱ्या संगणकाच्या बोलींत पक्कें भाषांतर तो चालतां चालतांच करून ठेवूं लागला, आणि मग वेगाचें अंतर पुष्कळ कमी झालें.

या व्यवस्थेंत एक मोक्याची जागा आहे. आज्ञावलीचा मजकूर कल्पित यंत्रांत शिरतो, तेव्हां तो एका दारांतून आंत येतो. तेथें तो तपासतां येतो, आणि इच्छा असल्यास बदलतांही येतो. कॉर्नेलच्या संशोधकांनीं नेमकी हीच जागा धरली. त्यांनीं नवी भाषा केली नाहीं, जावाचा अनुवादक बदलला नाहीं, कल्पित यंत्रालाही हात लावला नाहीं. त्यांनीं दारावर एक पहारेकरी बसविला. आंत येणाऱ्या मजकुरांतील ठराविक शब्दांचा अर्थ हा पहारेकरी बदलतो. त्याच्या जोडीला घटनांची यादी आणि कल्पित घड्याळ सांभाळणारा एक लहानसा कारभारी त्यांनीं दिला.

अर्थ बदलतो तो असा. अनुकरणांतील पोस्टाची खिडकी, गिऱ्हाईक, रेडिओयंत्र हे सर्व स्वतंत्र 'घटक' होत, असें लेखक जाहीर करतो. साध्या जावांत एकानें दुसऱ्यास हांक मारली, तर दुसऱ्याचें काम पुरें होईपर्यंत पहिला तिष्ठत उभा राहतो. जिस्टमध्यें एका घटकानें दुसऱ्या घटकास मारलेली हांक ही हांक राहत नाहीं. अमुक वेळीं अमुक करावें, अशी चिठ्ठी होऊन ती घटनांच्या यादींत पडते, आणि पहिला आपल्या कामास मोकळा होतो. काळ पुढें न्यावयाचा तर लेखकानें "इतका वेळ निजावें" एवढेंच लिहावयाचें. आज्ञावली चालण्यास खऱ्या घड्याळाचे किती सेकंद लागतात, याचा कल्पित घड्याळाशीं संबंध उरत नाहीं.

याचें एक सुंदर उदाहरण आहे. एखाद्या घटकाचें काम असें लिहिलें: एक क्षण निजावें, पुन्हा स्वतःलाच हांक मारावी, आणि किती वाजले तें छापावें. साध्या जावांत ही आज्ञावली लौकरच कोसळते. कारण पहिली हांक पुरी होण्याआधीं दुसरी, दुसरी पुरी होण्याआधीं तिसरी, अशी अर्धवट कामांची चळत रचली जाते आणि ठेवावयास जागा उरत नाहीं. तींच अक्षरें जिस्टच्या दारांतून आंत गेलीं, कीं हांकेची चिठ्ठी होते. चालू काम तेथेंच संपतें. घड्याळ एक क्षण पुढें जातें. नवी चिठ्ठी उघडते. आणि ही टिकटिक, चळत न वाढतां, हवी तितका वेळ चालते. अक्षर एक बदललें नाहीं. काळाचा अर्थ तेवढा बदलला.

कधीं कधीं मात्र थांबणेंच आवश्यक असतें. निरोप पाठविला, आतां उत्तर आल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, अशी स्थिति असते. अशा ठिकाणीं लेखकानें तशी खूण करावयाची. मग पहारेकरी मजकुरांत असा बदल करतो कीं, वाचतां वाचतां पुस्तकांत खूण घालून तें मिटावें आणि पुन्हा त्याच ओळीपासून उघडावें, त्याप्रमाणें तें काम जेथें थांबलें तेथूनच पुढें चालूं होतें. लेखकास आपली हकीकत सरळ लिहितां येते. ती तोडण्याजोडण्याची दगदग यंत्राकडे जाते.

आणखीही एक शिस्त यांत आहे. एका घटकानें दुसऱ्याच्या खासगी वस्तूंस परस्पर हात लावावयाचा नाहीं. जें सांगावयाचें तें चिठ्ठीनेंच सांगावयाचें. कारण भिन्न घटकांचीं घड्याळें क्षणभर मागेंपुढें असूं शकतात, आणि एकानें दुसऱ्याची पाटी गुपचुप पुसली तर भविष्यकाळानें भूतकाळ बदलल्यासारखें होईल. म्हणून चिठ्ठीबरोबर दिलेल्या वस्तूची नक्कल करून देतात. मात्र जी वस्तु पुढें कधींच बदलणार नाहीं असें लेखक आश्वासन देतो, तिची नक्कल न करतां मूळ वस्तूच सर्वांनीं पाहावी अशी मुभा आहे. फळ्यावर लाविलेली एकच नोटीस सर्व वर्ग वाचतो, तसें. यामुळें वेळ आणि जागा दोहोंची बचत होते.

मग हें सर्व जलद कां चालतें? एक तर, घटक आणि कारभारी एकाच कल्पित यंत्राच्या घरांत नांदतात, त्यामुळें उंबरठा ओलांडण्याचा खर्च नाहीं. दुसरें, वारंवार लागणारा मजकूर दुभाषी आपोआप पक्का करून ठेवतो. तिसरें, निरुपयोगी झालेल्या वस्तु जावाचें यंत्र स्वतःच उचलून टाकतें. 'जावा म्हणजे मंद' हा त्या काळचा रूढ समज होता. पण या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या मोजण्यांत त्यांचें साधन 'एनएस-२' आणि 'ग्लोमोसिम' या त्या वेळच्या नांवाजलेल्या साधनांपेक्षां वेळ व जागा या दोन्ही बाबतींत सरस ठरलें. तारेवांचून चालणाऱ्या जाळ्यांसाठीं त्यांनीं याच पायावर 'स्वॅन्स' नांवाचें साधन उभारलें. त्यांतील एक युक्ति सांगण्याजोगी आहे. १० हजार यंत्रांपैकीं प्रत्येकानें एकदां आवाज दिला, आणि तो कोणाकोणास ऐकूं गेला हें सर्वांना विचारूं लागलों, तर सुमारें १० कोटी प्रश्न होतात. स्वॅन्समध्यें सारें मैदान चौकटींत आणि चौकटी पुन्हा लहान चौकटींत विभागतात. दूरच्या मोठ्या चौकटी एकदम वगळतां येतात, आणि प्रश्न जवळपासच्या यंत्रांपुरतेच उरतात. वेग येतो तो असा: कांहीं यंत्राच्या अंगानें, आणि कांहीं निरर्थक प्रश्न न विचारण्याच्या शहाणपणानें.

इतिहासाचा एक योग येथें लक्षांत घेण्यासारखा आहे. डाल आणि न्यूगोर यांनीं १९६७ च्या सिम्युलांत वस्तूंचे 'वर्ग' करण्याची जी कल्पना आणली, तीच पुढें सी-प्लस-प्लस आणि जावा या भाषांचा पाया झाली. म्हणजे अनुकरणाच्या गरजेंतून जन्मलेली कल्पना सर्व जगभर फिरून, जावाच्या रूपानें, पुन्हा अनुकरणाच्याच सेवेस आली. लेक माहेरीं यावी तशी ती आली, आणि येतांना दुभाष्याची सारी संपत्ति घेऊन आली.

जिस्टनें बाकीचीं साधनें हटविलीं, असें मात्र नव्हे. जाळ्यांच्या अभ्यासासाठीं आज पुष्कळ संशोधक सी-प्लस-प्लसमधील 'एनएस-३' वापरतात. पण हकीकत सरळ लिहावी आणि थांबण्या-चालण्याचा हिशेब यंत्रानें ठेवावा, ही दृष्टि इतरत्रही आढळते. पायथन भाषेंतील 'सिम्पाय' या साधनांत गिऱ्हाइकाची कथा येणें, थांबणें, जाणें अशी ओळीनें लिहितां येते, आणि मध्यें थांबून पुन्हा सुरू होण्याची सोय पायथनचें कल्पित यंत्रच पुरवितें.

शेवटीं एक इशारा. अनुकरण कितीही जलद असलें तरी तें आपण सांगितलेल्या जगाचें अनुकरण असतें, खऱ्या जगाचें नव्हे. आपल्या पोस्टाच्या उदाहरणांत प्रत्येकाचें काम ४ मिनिटांत होतें, असें आपण धरलें. प्रत्यक्षांत एखाद्याच्या कामास १ मिनिट पुरतें, तर मनीऑर्डरींचा गठ्ठा घेऊन आलेल्यास १५ मिनिटें लागतात. तें धरलें नाहीं, तर दहा लक्ष वेळां अनुकरण केल्यानें चुकीचें उत्तर केवळ अधिक ठामपणानें मिळेल.

म्हणून यापुढें "संगणकानें असें दाखविलें आहे" हें वाक्य वर्तमानपत्रांत वाचाल, तेव्हां तीन प्रश्न मनाशीं अवश्य विचारा. अनुकरण किती वेळां केलें? खऱ्या व्यवहाराएवढ्या आकाराचें केलें, कीं लहानशा नमुन्याचें? आणि त्याचें उत्तर प्रत्यक्षांतील मोजणीशीं कोणीं ताडून पाहिलें काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें देणें कल्पित यंत्रासारख्या युक्तींमुळें शक्य झालें आहे. तिसऱ्याचें उत्तर मात्र कोणतेंही यंत्र देऊं शकणार नाहीं. त्यासाठीं कोणा तरी मनुष्यानें वही आणि घड्याळ घेऊन खऱ्या रांगेपाशीं उभें राहिलें पाहिजे.